दिवाळीत मित्रमैत्रिणींसाठी भेटवस्तू घ्यायला लहान मुलाला बाजारात न्यावे का?

अबोली
नमस्कार मंडळी. दिवाळीची सुट्टी लागण्याआधी मुलाच्या मित्रमैत्रिणींना काहीतरी भेट द्यायची, असे यंदा आमच्या घरात ठरले आहे, आणि ते ठरवणारा स्वतः मुलगाच आहे. तो मोठ्या शिशुगटात आहे. त्याच्या यादीत पाच जण आहेत. तिघे आमच्या सोसायटीतले आणि दोघे शाळेतले. प्रत्येकी दीडशे रुपयांच्या वर जायचे नाही, एवढे मी पक्के केले आहे.

प्रश्न खरेदीचा आहे. नवऱ्याचे म्हणणे असे, की वस्तू आपण आणाव्यात आणि मुलाने त्या फक्त हातात द्याव्यात, कारण पाच वर्षांच्या मुलाला दुकानात निवड करायला सांगणे म्हणजे संध्याकाळ वाया घालवणे. सासूबाईंना दिवाळीच्या गर्दीत मूल नेणेच मुळात मान्य नाही. मला मात्र वाटते, की भेट त्याच्याकडून जाणार असेल तर ती त्यानेच निवडावी, नाहीतर तो नुसता पोस्टमन ठरतो. आम्ही कोथरूडला राहतो. जवळच्या मॉलमध्ये दीडशे रुपयांत फारसे काही येत नाही, म्हणून तुळशीबाग, मंडई आणि अप्पा बळवंत चौक असा बेत आहे. ज्यांनी लहान मुलाला घेऊन अशी खरेदी केली आहे, त्यांनी कृपया सांगावे, की निवडीची मोकळीक किती द्यावी, आणि मित्रासाठी उचललेली वस्तू त्याला स्वतःलाच हवीशी वाटली तर काय करावे?

नाचणी
जरूर न्या, फक्त पोटभर जेवू घालून न्या. सविस्तर नंतर लिहिते.

पेठकर
सासूबाईंचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. वसुबारसेच्या आधीच्या शनिवार-रविवारी संध्याकाळी तुळशीबागेत मोठ्या माणसालाही स्वतःच्या मर्जीने चालता येत नाही, गर्दी नेईल तिकडे जावे लागते. त्यामुळे कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, दुकानदार माल बाहेर मांडत असतानाच पोहोचावे. त्या वेळी दुकानदारालाही बोलायला फुरसत असते आणि भवानीच्या गिऱ्हाइकाशी तो फार घासाघीस करत नाही. गाडी अजिबात नेऊ नका. २०२४ च्या सप्टेंबरअखेर जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून मेट्रोने थेट मंडईला उतरता येते. तुम्ही वनाजच्या मार्गावर बसून जिल्हा न्यायालयाला गाडी बदला. मुलाच्या दृष्टीने तीच निम्मी सहल होईल.

आणखी एक सुचवतो. अशा गल्लीत एकदा उकिडवे बसून पाहा. मुलाच्या उंचीवरून लोकांचे गुडघे दिसतात, तोंडासमोर हेलकावे खाणाऱ्या कापडी पिशव्या दिसतात आणि लोखंडी खाटेचा पाय दिसतो. ज्या मालासाठी आपण आलो तो सगळा त्याच्या डोक्यावर, खाटेवर मांडलेला असतो. मूल किरकिर करू लागले की आपण त्याला हट्टी ठरवतो, पण त्या बिचाऱ्याला काही दिसतच नसते. दुकानदाराकडे स्टूल मागावे, कोणी नाही म्हणत नाही.

तर्कदुष्ट
माझे मत नवऱ्याच्या पारड्यात. पाच वर्षांचे मूल दुसऱ्यासाठी निवड करत नाही. ते स्वतःसाठी निवडते आणि मग दुसऱ्याचे नाव घेते. त्याला हेलिकॉप्टर आवडत असेल तर पाचही जणांना हेलिकॉप्टर मिळेल, आणि दुकानातून बाहेर पडताना सहावे तुम्हाला घ्यावे लागेल. आपण त्या निवडीला स्वातंत्र्य वगैरे नाव देतो ते आपल्या समाधानासाठी.

वाचनवेडी
तर्कदुष्ट यांचे पहिले वाक्य तपासून पाहण्यासारखे आहे, कारण नेमक्या याच प्रश्नावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९९७ साली बेटी रेपाचोली आणि अ‍ॅलिसन गोपनिक या दोन संशोधिकांनी तो प्रसिद्ध केला. लहान बाळांसमोर दोन वाट्या ठेवल्या, एकीत कच्ची ब्रोकोली आणि दुसरीत माशाच्या आकाराची खारी बिस्किटे. प्रयोग करणारी बाई ब्रोकोली खाऊन खूश झाल्याचे दाखवी, बिस्किटे खाऊन तोंड वाकडे करी, आणि मग हात पुढे करून बाळाकडे खाऊ मागे. चौदा महिन्यांची बाळे तिला बिस्किटे देत, कारण ती त्यांना स्वतःला आवडत. अठरा महिन्यांची बाळे मात्र तिला ब्रोकोली देत. आपली आवड आणि समोरच्याची आवड वेगळी असू शकते, हे जर दीड वर्षाच्या बाळाला उमगते, तर मोठ्या शिशुगटातल्या मुलाला ते नक्कीच जमावे.

तर्कदुष्ट
प्रयोग छान आहे, परंतु त्या बाळाला ब्रोकोली स्वतःला नकोच होती. नको असलेली वस्तू दुसऱ्याला देण्यात कसला त्याग? दुसऱ्या वाटीत फुलबाज्या ठेवून पाहायला हवे होते.

वाचनवेडी
हा मुद्दा मान्य करते. दुसऱ्याला काय आवडते ते ओळखणे ही एक गोष्ट, आणि स्वतःला हवीशी वाटणारी वस्तू हातात असताना ते आठवणे ही दुसरी. चकाकणाऱ्या दुकानात दुसरी गोष्ट मोठ्यांनाही जड जाते. पाडव्याला नवऱ्याच्या पैशाने स्वतःच्या आवडीचे घेणाऱ्यांत मीही आहे. म्हणूनच मित्राचा विचार दुकानात करू नये, घरी करून निघावे.

नाचणी
वाचनवेडी यांनी माझ्या मनातले लिहिले. आमच्याकडे मुलगी साडेपाचची असताना निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही एकेका मैत्रिणीबद्दल बोललो. "तिला काय आवडते?" असे विचारू नका, त्याला उत्तर "मला माहीत नाही" किंवा "चॉकलेट" असेच येते. "ती तुमच्याकडे आली की आधी काय काढते?", "तिच्याशी भांडण कशावरून होते?" असे विचारा. भांडणाच्या प्रश्नातून फार चांगली माहिती मिळते, कारण मुले ज्या वस्तूवरून भांडतात तीच त्यांना प्रिय असते.

दुसऱ्या दिवशी तुळशीबागेत भातुकलीच्या दुकानात तिने पितळी संच पुढे घेतला. अंगठ्याएवढी कढई उचलली, झारा तिच्यात फिरवून पाहिला, पोळपाटावर लाटणे घरंगळवले. मला वाटले, झाले, आता हे आपल्याच घरी येणार. पण तिने सगळे जागच्या जागी ठेवले आणि दुकानदाराला म्हणाली, "काका, तराजू आहे का? तिला स्वयंपाक आवडत नाही, तिला दुकान-दुकान आवडते." दुकानदाराने वरच्या फळीवरून दोन लहान पारड्यांचा तराजू काढून दिला. तो संचापेक्षा स्वस्त पडला, हा माझा फायदा. आदल्या रात्री बोलणे झाले नसते तर हा तराजू तिला सुचला नसता असे मला वाटते.

निवृत्त_आजोबा
सर्व तरुण आईवडिलांना नम्रपणे विचारतो, की पाच वर्षांच्या मुलांनी एकमेकांना दिवाळीच्या भेटवस्तू देण्याची ही पद्धत कधी सुरू झाली? आमच्या लहानपणी चाळीत फराळाची ताटे फिरत. क्रोशाच्या रुमालाखाली चार करंज्या, दोन लाडू, मूठभर चिवडा आणि एखादी चकली घेऊन आम्ही दारोदार जात असू, आणि येताना ताट रिकामे परत येत नसे. ते पोहोचवण्याचे काम पूर्णपणे मुलांचे होते. म्हणजे पोस्टमनच होतो म्हणा, पण त्यात कमीपणा वाटला नाही. आज दीडशेची मर्यादा आहे, पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाची आई तीनशेची वस्तू देईल आणि मग मुलांच्या नावावर पालकांची चढाओढ सुरू होईल.

अबोली
आजोबा, तुमची शंका रास्त आहे आणि ती माझ्याही मनात आहे. आमच्या सोसायटीत वाढदिवसाच्या परतभेटींचे असे झालेच आहे. पेन्सिलीपासून सुरुवात झाली आणि आता नाव छापलेल्या बाटल्यांपर्यंत मजल गेली. पण या वेळची कल्पना मुलाची आहे, ती मोडून काढावीशी वाटत नाही. फराळाचे ताट तर जाईलच.

नाचणीताई, भांडणाचा प्रश्न आज रात्रीच विचारते.

टाकळा
मी सावंतवाडीचा, सध्या पणजीत. शक्य असेल त्यांनी लाकडी खेळण्यांचा विचार करावा. आमच्याकडे चितारआळीत लाकडाची फळे आणि भाज्या मिळतात. कारले, मिरची, सीताफळ अशी हुबेहूब रंगवलेली असतात, की घरी आलेला पाहुणा उचलून वास घेतो. पूर्वी पांगाऱ्याचे हलके लाकूड वापरत, आता इतरही लाकडे वापरतात. सुटी फळे परवडतात, पूर्ण टोपली घेतली तर अबोलीताईंची मर्यादा ओलांडेल. सुट्टीत गोव्याला येता-जाता मुलाला तिथे न्यावे, कारण रंगकाम करणारी माणसे दुकानाच्या मागेच बसलेली असतात आणि वस्तू हाताने होते म्हणजे काय ते त्याला दिसते. बंगळूरच्या मराठी मंडळींना हेच सुख म्हैसूर रस्त्यावरच्या चन्नपट्टणला मिळेल. तिथली लाखेच्या रंगाची खेळणी काळ्या कुड्याच्या लाकडाची असतात.

रसायन
टाकळा यांच्या प्रतिसादाला जोडून थोडे सुरक्षिततेबद्दल लिहितो, कारण स्वस्त वस्तूंच्या धाग्यावर तो विषय यायला हवा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना यातून सूट आहे, त्यामुळे कारागिराकडून घेतलेल्या लाकडी वस्तूवर चिन्ह दिसले नाही म्हणून लगेच संशय घेऊ नये. गाड्यावरच्या प्लास्टिकच्या खेळण्याची गोष्ट निराळी.

माझा मुख्य आग्रह बटण सेलविषयी आहे. लुकलुकणाऱ्या अंगठ्या, बोलणारी बाहुली, दिव्याचा भोवरा यांत रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, चपटा सेल असतो. तो गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजते. सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारे असेल तरच ते खेळणे घ्यावे, नखाने उघडणारे झाकण असेल तर दुकानातच ठेवून यावे. तुमचा मुलगा पाच वर्षांचा आहे, पण ज्याला भेट जाणार त्याच्या घरी रांगणारे भावंड आहे का, हेही पाहावे. हे काम मुलाचे नाही, तुमचे आहे. मोकळीक रंग, आकार आणि माणूस यांपुरती. झाकण आपण तपासायचे.

म्युनिकर
आम्ही जर्मनीत राहतो. इथल्या अनेक खेळण्यांच्या दुकानांत मुलांच्या वाढदिवसासाठी एक सोय असते. ज्याचा वाढदिवस आहे ते मूल आधी दुकानात जाऊन आपल्याला हव्या असलेल्या वस्तू एका टोपलीत ठेवून येते, टोपलीवर त्याचे नाव लिहितात, आणि पाहुणी मुले येऊन त्यांतली आपल्याला परवडेल ती वस्तू विकत घेतात. आमच्या मुलीला पहिल्यांदा हे पाहून फार गंमत वाटली होती. दोन-दोन सारख्या वस्तू जमत नाहीत, पैसे फुकट जात नाहीत आणि निवडताना रडारड होत नाही, कारण टोपलीत मोजक्याच वस्तू असतात. नाताळच्या खरेदीत मात्र अशी टोपली नसते, तेव्हा आम्हालाही नाचणीताईंसारखेच प्रश्न विचारावे लागतात. इथे रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे डिसेंबरातले शनिवार म्हणजे तुमची तुळशीबागच समजा.

पेठकर
म्युनिकर, व्यवस्था चोख आहे, पण मग ती भेट कुठे राहिली? तो वाण्याच्या यादीचा प्रकार झाला. आपल्याला न सुचलेली वस्तू दुसऱ्याने आपल्यासाठी शोधून आणावी, यातच तर मजा असते. नाचणीताईंच्या मुलीच्या मैत्रिणीने टोपलीत तराजू ठेवला असता का?

म्युनिकर
कदाचित नसता ठेवला, पण तीन सारखे जिगसॉ घरी आले की तुम्हीही टोपलीचे गुण गाऊ लागाल.

इंद्रायणी
मूळ धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नावर कोणी फारसे लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. मित्रासाठी घेतलेली वस्तू मुलाला स्वतःला हवी झाली तर काय? आमच्या घरी नियम असा, की आजची खरेदी आपली नाही, आणि हे निघण्यापूर्वी स्पष्ट सांगायचे. दुकानात गेल्यावर सांगितले तर ती शिक्षा वाटते. आणि परत येताना एकही अपवाद करायचा नाही. एकदा रडण्यापुढे नमते घेतले की पुढची प्रत्येक खरेदी रडण्यानेच सुरू होते.

नाचणी
इंद्रायणीताई, तुमच्याशी निम्मी असहमत. पाच जणांसाठी घेत फिरायचे आणि आपल्या हातात काहीच नाही, हे पाच वर्षांच्या जिवाला जरा जास्तच आहे. आम्ही मुलीला तिचे वेगळे वीस रुपये, तेही नाण्यांत, तिच्या बटव्यात देतो. त्यात तिने हवे ते घ्यावे. नाणी मोजून देताना ती इतकी गुंतते, की मैत्रिणींच्या वस्तूंवरचा तिचा डोळा आपोआप हटतो.

इंद्रायणी
वीस रुपयांत हल्ली काय येते, हा प्रश्न उरतोच. पण बटव्याची कल्पना विचार करण्याजोगी आहे.

तर्कदुष्ट
नेमकी अडचण दुकानात येतच नाही, ती घरी येते. खरेदी आणि वाटप यांच्यामध्ये चार दिवस गेले की खोके उघडले जाते, एक चाक निखळते आणि मग मित्राला "थोडेसे वापरलेले" खेळणे जाते. त्यामुळे घरी पोहोचल्यावर चपला काढायच्या आधी कागदात गुंडाळून टाकावे. गुंडाळण्याचे काम मुलाकडेच द्यावे. एका भेटीला अर्धे सेलोटेप लागेल, लागू द्यावे. एकदा कागद चढला आणि वर नाव लिहिले की ती वस्तू दुसऱ्याची झाली, हे मुलाला लगेच पटते. (मी नवऱ्याच्या बाजूने असलो तरी उपयोगाचे सांगायला हरकत नाही.)

गड_आला
या धाग्यावर अजून कोणी किल्ल्याचे नाव काढले नाही, याचे आश्चर्य वाटते. पाचांपैकी निदान दोघे तरी किल्ला करणारच असतील. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात जा. महाराज सिंहासनावर, भालदार, तोफा, भाजीवाली, डोक्यावर घडा घेतलेली बाई, गुहेतला वाघ अशी सगळी चित्रे रांगेने मांडलेली असतात, आणि सुटी चित्रे घेतली तर दीडशे रुपयांत एका मित्राची चांगली सोय होते. इथे मुलाला निवड करायला अडचण येत नाही, कारण कोणाच्या किल्ल्यावर काय कमी आहे हे मुलांना तोंडपाठ असते. चित्रांसोबत पन्नास ग्रॅम अळिवाची पुडी द्या, मातीवर पसरून पाणी शिंपडत राहिले की थोड्याच दिवसांत हिरवळ येते.

एकच पथ्य आहे. ही भेट वसुबारसेच्या आधी पोहोचली पाहिजे. भाऊबीजेला मिळालेला मावळा पुढच्या वर्षापर्यंत खोक्यात बसतो.

अबोली
गड_आला, शंभर टक्के पटले. सोसायटीतले दोघे जण पार्किंगच्या कोपऱ्यात किल्ला करतात, आणि रात्रीच्या चौकशीत कळले, की भांडण वाघावरूनच झाले होते.

वसईवाली
थोडे अवांतर वाटेल, पण विषयाला धरूनच आहे. अबोली, यादीत कोणी दिवाळी न करणारे मूल असेल तर त्याला वगळू नका आणि वेगळे काढूनही देऊ नका, इतरांबरोबरच द्या. आम्ही वसईचे ख्रिस्ती. लहानपणी दिवाळीत शेजारून फराळ येई आणि नाताळात आमच्याकडून ताट जाई, त्यामुळे वर्षाअखेरीस दोनदा गोडधोड मिळे. हल्ली माझ्या मुलाला मी डिसेंबरात खरेदीला नेते, तेव्हा त्याच्या यादीत दिवाळीत ज्यांच्याकडून आले ते सगळे असतात. कोणी काय दिले होते हे त्याला लक्षात असते, आणि तो हिशेब मात्र त्याने स्वतःच्या मनाने धरलेला आहे, मी शिकवलेला नाही.

निवृत्त_आजोबा
वसईवाली यांचे लिहिणे आवडले. ताट रिकामे परत जात नसे ते हेच.

वाचनवेडी
अप्पा बळवंत चौकात जाणारच आहात तर एखाद्यासाठी पुस्तक किंवा मुलांचा दिवाळी अंक पाहा. बालभारती १९७१ पासून "किशोर" काढते, तो वाचता येणाऱ्या थोड्या मोठ्या मुलांसाठी योग्य. मोठ्या शिशुगटासाठी चित्रे जास्त आणि मजकूर कमी असलेली पुस्तके मिळतात. मुलाला तीन पुस्तके समोर ठेवून त्यांतले एक निवडू द्या, अख्खे कपाट दाखवू नका.

अबोली
काल जाऊन आलो, म्हणून वृत्तान्त देते. मेट्रोने सकाळी गेलो आणि मुलगा जेवून निघाला होता. किल्लेवाल्या दोघांसाठी कुंभारवाड्यातून चित्रे घेतली. वाघ दोन घेतले, एकसारखे, म्हणजे यंदा भांडण नको. शाळेतल्या एका मैत्रिणीसाठी चित्रांचे पुस्तक घेतले. ती वर्गात सतत फळ्यावर चित्रे काढते असे त्याने सांगितल्यामुळे सोबत रंगीत खडूही घेतले. दुसरीसाठी तुळशीबागेतून लाकडी भोवरा आणि जाळी. तिला भोवरा फिरवता येत नाही, हे माहीत असूनही तो त्याने मुद्दाम घेतला, कारण "मी तिला शिकवणार आहे." तर्कदुष्ट, हे तुमच्या मताच्या बाजूचे की विरोधातले, ते तुम्हीच ठरवा. नाण्यांच्या बटव्यातून त्याने स्वतःसाठी एक टिकल्यांचे पाकीट घेतले, फोडायच्या टिकल्यांचे. सासूबाईंनी "बरे झाले सकाळी गेलात" एवढेच म्हटले, ही संमती मानते.

उरला पाचवा मित्र, आमच्याच इमारतीतला. त्याच्यासाठी पूर्ण मोकळीक दिली होती. मुलगा मंडईबाहेरच्या गाडीवर थांबला आणि त्याने पिपाणी घेतली. मी दुसरे काही सुचवून पाहिले, पण "त्याला आवाज आवडतो" या उत्तरापुढे माझे काही चालले नाही. सेल नाही, झाकण नाही, त्यामुळे रसायन यांचीही हरकत दाखवता आली नाही. घरी येताच कागदात गुंडाळली आणि संध्याकाळी पोहोचवलीसुद्धा. त्याची आई या संस्थळावर नसावी अशी आशा आहे.

तर्कदुष्ट
भोवरा विरोधातला आहे, मान्य करतो. पिपाणी मात्र माझ्या बाजूची.

दवबिंदू
अबोली, मी इथे फक्त वाचायला येते, पण आज खाते उघडावे लागले. पिपाणी मिळाली. सकाळी सहापासून सुरू आहे. लेकाला परतभेट निवडायला उद्या तुळशीबागेत नेते आहे, आणि त्यालाही पूर्ण मोकळीक देणार आहे. पेठकर, दीडशे रुपयांत लहान ढोल कुठे मिळेल?

पेठकर
रविवार पेठेत चौकशी करा. काठ्या वेगळ्या मागून घ्या.